उमेदवारी की वेठ?

“तुम्ही योजनेतल्या की कॉलेजातल्या?”

गेल्या उन्हाळ्यात येवल्यातील एका सरकारी कार्यालयाच्या दारात मी विभागाचे पत्र घेऊन उभी राहिले, तेव्हा समोरच्या टेबलावरील गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणाले, “कॉलेजातली.” त्यांनी पत्र वाचले, त्याची घडी घातली आणि म्हणाले, “मग तिकडच्या बाकावर बसा. योजनेतल्यांना पैसे मिळतात, म्हणून त्यांना काम द्यावे लागते. कॉलेजातल्यांना नुसती सही लागते.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की हेटाळणी नव्हती. पावसाळ्यात पाऊस पडतो हे जितक्या सहजपणे सांगावे, तितक्या सहजपणे त्यांनी ते सांगितले. मला मात्र ते वाक्य पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. कारण या दोन्ही प्रकारचे उमेदवार आमच्या एकाच घरात आहेत. मी कॉलेजातली आणि माझा मोठा भाऊ योजनेतला. त्याला पैसे मिळाले, मला सही मिळाली. आम्हा दोघांपैकी कोणाला काय शिकायला मिळाले, हा प्रश्न मात्र आजवर कोणीच विचारला नाही. म्हणून तो आपल्या वार्षिकांकात मीच विचारते आहे.

आधी माझी गोष्ट सांगते. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण असते. सगळे त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर ते आपल्याकडे आले. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास एखाद्या कार्यालयात, संस्थेत किंवा उद्योगात प्रत्यक्ष काम करायचे, तासांची नोंद ठेवायची, अहवाल लिहायचा, अशी ही योजना आहे. पदवीच्या नव्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यातही ते आहेच. तेव्हा खालच्या वर्गातील मित्रमैत्रिणींनो, आज माझी असलेली ही कैफियत उद्या तुमची होणार आहे.

हे १२० तास विनावेतन असतात. आमचे गाव येवल्यापासून एसटीने अर्ध्या तासावर. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धे झाले म्हणून निभावले; माझ्याबरोबरच्या मुलांना पूर्ण तिकीट काढावे लागले. शिवाय उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांच्या कमाईचे दिवस. कोणी कांदा भरायला जातो, कोणी दुकानात बसतो, कोणी मागावर. त्या दिवसांत २० दिवस कार्यालयात बसायचे म्हणजे २० दिवसांचा रोज बुडवायचा. श्रेयांकांच्या तक्त्यात हा हिशेब कुठेच येत नाही.

आता दादाची गोष्ट. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने एखाद्या कार्यालयात किंवा उद्योगात प्रशिक्षण आणि महिन्याला विद्यावेतन, असे तिचे स्वरूप होते. बारावी झालेल्याला ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. पैसे थेट बँकेत. दादा बी. ए. झालेला, घरी बसून स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारा. त्याने नोंदणी केली आणि पंचक्रोशीतील एका कार्यालयात तो रुजू झाला. २०२५ मध्ये मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढली. म्हणजे एकूण ११ महिने आमच्या घरात दरमहा १०,००० रुपये आले. ज्या घरात बँकेतून नियमाने पैसे येण्याची ही पहिलीच वेळ, त्या घरात त्या रकमेची किंमत काय असते, हे मी सांगायला नको. आईने त्यातून पत्रे बदलले. आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. या योजनेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी आमचे छप्पर एकदा पाहून जावे.

बारावा महिना उजाडला आणि दादा पुन्हा ओट्यावर येऊन बसला. हातात एक प्रमाणपत्र. त्या ११ महिन्यांत त्याने काय केले, तर संगणकावर नोंदी भरल्या, रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याची जागा सांभाळली, निवडणुकीच्या दिवसांत धावपळ केली. काम खरे होते आणि गरजेचेही होते. इतके गरजेचे की तो गेल्यावर ते अडून राहिले. पण शिकवले कोणी? दादा म्हणतो, “पहिल्या आठ दिवसांत जे यायला लागलं, तेच अकरा महिने केलं.” मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. आठ दिवसांचे शिक्षण आणि ११ महिन्यांचे काम याला प्रशिक्षण म्हणायचे का?

आपल्या भाषेत यासाठी एक जुना, सुंदर शब्द आहे: उमेदवारी. उमेद म्हणजे आशा. फारसीतून आलेला शब्द. आज उमेदवार म्हटले की आपल्याला निवडणुकीतला उभा राहिलेला माणूस आठवतो. पण पूर्वी कचेरीत, पेढीवर, वकिलाकडे किंवा कारागिराकडे पुढे काम मिळेल या आशेने पडेल ते करीत राहणारा तो उमेदवार. त्याला पगार नसे, असलाच तर नावापुरता. स्वतंत्र भारताने १९६१ साली कायदा केला, त्याचे मराठी नावही ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असेच आहे. त्या कायद्याने उमेदवाराच्या आशेला करार, ठरावीक मुदत आणि विद्यावेतन यांचा आधार दिला. सुरुवातीला हा कायदा कारखान्यातील कारागिरी डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर त्यात आले. तुमच्याआमच्यासारख्या अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना त्यात जागा मिळायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे फिटरला काय शिकवायचे ते या देशाने १९६१ साली ठरवले; इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याला कामावर काय शिकवायचे, याचा विचार पुढे अर्धे शतक राहूनच गेला. आजही तो पुरता झालेला आहे असे मला वाटत नाही.

केंद्र सरकारनेही जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अशीच घोषणा केली. देशातील ५०० मोठ्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना बारा महिन्यांचे प्रशिक्षण, महिन्याला ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,०००. ती योजना ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. योगायोग असा, की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला तोही त्याच दिवशी. पहिल्या फेरीत १ लाख २७ हजारांच्या आसपास जागा निघाल्या. प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. इतके कमी का, याची कारणे अनेक सांगितली गेली. आमच्या ओट्यावर बसून मला दिसते ते एक कारण साधे आहे. येवल्याच्या मुलाने ५,००० रुपयांत पुण्यात किंवा चाकणला राहायचे कुठे आणि खायचे काय?

आणखी एक गोष्ट. राज्याची योजना काय किंवा केंद्राची काय, पूर्णवेळ शिकत असलेल्या विद्यार्थ्याला दोन्हींत जागा ठेवलेली नव्हती. शिक्षण संपवून या, मग प्रशिक्षण आणि पैसे. आणि जो शिकत आहे त्याला प्रशिक्षण सक्तीचे, पण पैसे नाहीत. एकाच कार्यालयात, एकाच बाकावर, एकाच वयाची दोन मुले बसतात. एकाच्या नावावर १०,००० रुपये पडतात आणि दुसऱ्याच्या नावावर एसटीचे तिकीट. दोष दोघांचाही नाही. दोन खात्यांनी एकमेकांना न विचारता केलेल्या दोन नियमांच्या फटीत आम्ही सापडलो आहोत, इतकेच.

हा विषय मी वर्गात काढला, तेव्हा दोन तट पडले. एक तट म्हणाला, “हे सगळे फुकटचे भत्ते आहेत. तरुणांना आळशी करण्याचे उद्योग.” दुसरा म्हणाला, “ज्यांनी ११ महिने काम केले त्यांना कायम करा.” २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थींनी ठिकठिकाणी आंदोलने करून हीच मागणी केली होती. मला दोन्ही तटांचे म्हणणे अर्धवट वाटते. पहिल्याला विचारावेसे वाटते, की जो माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा राबतो त्याला फुकटा कसे म्हणावे? दुसऱ्याचे दुःख मी रोज घरात पाहते. दादाही त्या आंदोलनाला जाऊन आला. तरीही स्पर्धा परीक्षेसाठी पाच पाच वर्षे अभ्यास करणाऱ्या हजारोंना वगळून, नोंदणी करून आलेल्याला कायम करणे न्यायाचे होईल का? दादाशी यावर माझे कडाक्याचे भांडण झाले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मला कायम करू नका, बरोबर आहे. पण मग माझ्याकडून कायम माणसाचं काम का करून घेतलं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि त्या जागांवरचे काम शिकाऊ माणसाकडून उरकून घ्यायचे, ही खरी गोम आहे. भरती झाली असती तर दादाला निदान परीक्षा देता आली असती.

प्रशिक्षण कशाला म्हणावे, हे पाहायला मला लांब जावे लागत नाही. आमच्या घरात हातमाग आहे. आबा पैठणी विणतात. येवल्याच्या पैठणीचे कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण मागावर माणूस कसा तयार होतो ते फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्यांदा कांड्या भरायच्या. मग तुटलेला धागा सांधायचा. मग साध्या अंगावर धोटा टाकायचा. काठावर हात बसला, की पदरातली साधी बुट्टी. मोर फार शेवटी. आणि या सगळ्या काळात शिकवणारा शेजारी बसलेला असतो. चुकले की तो ओरडतो, उसवायला लावतो, पण उठून जात नाही. आठ दिवसांत जे आले तेच ११ महिने करायचे, असे मागावर होत नाही. आज जे आले त्याच्या पुढचे उद्या हाती दिले जाते. ही खरी उमेदवारी.

मी मागाचे भाबडे गोडवे गात नाही. शाळेच्या वयाची मुले मागावर बसली आणि तिथेच राहिली, अशी घरे मी पाहिली आहेत. शिकण्याच्या नावाखाली मजुरी न देता वर्षानुवर्षे राबवून घेतले गेलेले कारागीरही येवल्यात सापडतील. खुद्द आबा सातवीतून उठले ते मागावरच बसले. म्हणून तर त्यांनी मला एम. ए.पर्यंत आणले. पण शिकवण्याची ती पद्धत घेण्यासारखी आहे. कामाला पायऱ्या असाव्यात, शेजारी शिकवणारा असावा आणि शेवटी हाताला काही यावे. या तीन कसोट्या कार्यालयाला लावल्या, तर दादाचे ११ महिनेही नापास होतात आणि माझे १२० तासही.

या लेखाचा कच्चा खर्डा मी विभागातील सरांना दाखवला, तेव्हा त्याचे शीर्षक नुसते ‘वेठ’ असे होते. सर म्हणाले, “हा शब्द येवल्यात जपून वापर.” मी का विचारले. त्यांनी मला मुक्तिभूमीवर जाऊन यायला सांगितले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती आपल्याच गावात, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री सरकारी काम, निरोप्यापासून ओझ्यापर्यंत, मोबदला नावाचा, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. ती वेठ. पुढे संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठीला बंदी केली. सरांचे म्हणणे असे, की पंख्याखाली बाकावर बसून सहीची वाट पाहणाऱ्या मुलीने स्वतःला त्या रांगेत उभे करू नये.

त्यांचे खरे आहे. म्हणून शीर्षकात मी प्रश्नचिन्ह घातले. पण शब्द पुरता काढला नाही, त्याचेही कारण आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात माणूस राबतो, तेव्हा गरजेने त्याच्यावर केलेली सक्ती हीही सक्तीच होय. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. शिकाऊ माणूस आणि मजूर यांत कायदा फरक करतो हे मला समजते. मात्र तो फरक टिकतो तो शिकवण्यावर. शिकवणे असेल तर कमी पैसे किंवा बिनपैसेही समजून घेता येतात. शिकवणे काढून घेतले, की उरते ते नुसते स्वस्त काम. आणि ते केल्याशिवाय पदवी मिळणार नसेल, तर त्याला आपण कोणते नाव द्यायचे ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्या महाराष्ट्रानेच या बाबतीत एकदा देशाला वाट दाखवलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून ती उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आमची आजी बांधबंदिस्तीच्या कामावर खडी फोडायला जात असे. त्या कायद्याचे मोठेपण असे, की काम मागणाऱ्या निरक्षर बाईलाही सरकारने ‘हक्क’ हा शब्द दिला. काम मागितल्यावर ते ठरल्या दिवसांत मिळाले नाही तर भत्ता द्यावा लागे. आजीच्या वाट्याला हक्क आला आणि तिच्या एम. ए. होणाऱ्या नातीच्या वाट्याला मात्र कृपा: कोणी बसू दिले तर बसायचे, कोणी काम दिले तर करायचे. शिकण्याचाही हक्क असावा, इतकेच माझे मागणे आहे.

तर मग कार्यालयात शिकण्यासारखे काही नसतेच का? असते. फार असते. माझ्या २० दिवसांतला एक दिवस मला सांगितलाच पाहिजे.

त्या दिवशी एक म्हातारी आली. श्रावणबाळ योजनेच्या पगाराचे विचारायला. ही तिची तिसरी खेप. दर वेळी एक कागद कमी निघायचा. आमचे भाऊसाहेब, म्हणजे तेच पहिल्या दिवशीचे गृहस्थ, गर्दीत अडकलेले. त्यांनी मला हाक मारली. “अहो कॉलेजातल्या, जरा या आजींचा अर्ज बघा.” मी आजींना बाकावर बसवले. अर्जावरील रकाने मी एम. ए.ची विद्यार्थिनी असून मलाच धड कळेनात. ‘अर्जदार व कुटुंबाच्या सर्व मार्गांनी मिळणाऱ्या उत्पन्नाचा तपशील’ म्हणजे काय, हे आजींना सांगताना मी म्हणाले, “घरात पैसे कुठून येतात ते सांगा.” आजी म्हणाल्या, “मग असं इचार ना बाई.” त्यानंतर पाऊण तासात आमचा अर्ज झाला. भाऊसाहेबांनी तो पाहिला आणि मला जवळ बोलावून आवक नोंद कशी होते, टिपणी म्हणजे काय, फाईल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते आणि ती कुठे अडते, हे सगळे अर्धा तास समजावून सांगितले. फाईल अडते ती दर वेळी माणसामुळे अडत नाही, पुष्कळदा वाक्यामुळे अडते, हे मला त्या दिवशी कळले. तीच माझी उमेदवारी. १२० तासांतले सव्वा तास.

मराठीच्या विद्यार्थ्याचे काम सरकारी कार्यालयात काय, असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. कारभार मराठीत आला. पण ती मराठी आजींना कळत नाही. अर्ज, सूचना, फलक सोप्या मराठीत लिहून काढणे हे आमचे काम आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल हे कार्यालयाने लोकांना दिसेल असे लावायचे असते. तो फलक लोकांना वाचून दाखवणे, समजावणे हे आमचे काम आहे. आणि इतिहासाचे विद्यार्थी? सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी दप्तरे उघडली. गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची पुस्तके, ज्यांना कोतवाल बुके म्हणतात, ती काढली. त्यातल्या पुष्कळ नोंदी मोडीत. तेव्हा सगळीकडे शोधाशोध झाली ती मोडी वाचणाऱ्यांची. हजारो कुटुंबांचे दाखले ज्या लिपीवर अडले, ती लिपी कला शाखेचा विद्यार्थी शिकू शकतो. ते काम दिखाऊ नाही आणि कोणाची कायम जागाही खात नाही. भूगोलाच्या मुलांना पूर्वेकडील टंचाईच्या गावांतील विहिरींच्या नोंदी द्या, अर्थशास्त्राच्या मुलांना विणकरांची पाहणी द्या. कामाचा तोटा नाही, ते नेमून देण्याचा आहे.

म्हणून मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही, की पहिल्याच दिवशी कार्यालय, महाविद्यालय आणि विद्यार्थी यांनी मिळून एक साधा कागद करावा. या दिवसांत हा विद्यार्थी काय शिकेल, कोणाकडून शिकेल आणि शेवटी त्याला काय करता येईल, हे त्यावर चार ओळींत लिहावे. दुसरी, शिकवणाऱ्या कर्मचाऱ्याचे ते काम म्हणून मोजले जावे. आपले टेबल सांभाळून तो उपकार म्हणून किती दिवस शिकवणार? तिसरी, शिकत असलेल्या मुलाला विद्यावेतन नाही, तर निदान प्रवासखर्च आणि दुपारच्या जेवणापुरते पैसे मिळावेत. नाहीतर ज्याच्या घरी ऐपत आहे तोच चांगल्या ठिकाणी जाईल आणि बाकीचे ओळखीच्या दुकानातून सही आणतील. चौथी, रिकाम्या जागेवर शिकाऊ माणूस बसवू नये. जागा भरायची ती जाहिरात देऊन भरावी. शिकाऊ तो शिकाऊच राहू द्यावा.

सरकारला सांगणे सोपे असते. आपल्याला सांगणे अवघड. ओळखीच्या दुकानातून सही आणणाऱ्यांविषयी मी वर लिहिले आहे, तेव्हा माझाही हिशेब येथे देते. दिवसाला सहा तास धरून माझे २० दिवस व्हायला हवे होते. मी १६ दिवस गेले. सत्रात अहवाल द्यायचा होता, कार्यालयात काम नव्हते आणि आबांची ऑर्डर अडली होती. उरलेल्या चार दिवसांच्या २४ तासांची नोंद मी घरी बसून भरली आणि त्यावर सही घेऊन आले. कोणी विचारले नाही. मला गुणही चांगले पडले. त्या २४ तासांत मी प्रत्यक्षात आबांच्या शेजारी बसून कांड्या भरीत होते, आणि गंमत अशी, की काम शिकले असेन तर ते तेव्हाच. पण नोंदवहीत लिहिलेले खोटे होते. हे छापून आल्यावर माझ्या प्राध्यापकांना काय वाटेल याची मला भीती वाटते. तरीही लिहिते, कारण ‘नुसती सही लागते’ या भाऊसाहेबांच्या वाक्याचा मला राग आला होता आणि ते वाक्य मीच खरे करून दाखवले. आपण सही मागायला जातो, म्हणून ते सही देतात. प्राध्यापकांनाही माझी नम्र विनंती आहे, की अहवालाची पाने मोजण्याऐवजी एकदा त्या बाकावर येऊन आमच्या शेजारी बसावे.

दादाचे सध्या काय चालले आहे, हे वाचकांना विचारावेसे वाटत असेल. तो बाजार समितीत एका व्यापाऱ्याकडे कांद्याच्या वजनाचे लिहायला जातो आणि रात्री अभ्यास करतो. प्रमाणपत्र आईने पेटीत ठेवले आहे. पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोनचार माणसे येऊन बसलेली असतात. कोणाच्या हातात नोटीस, कोणाच्या हातात अर्धा भरलेला अर्ज. दादा वाचून सांगतो, मी लिहून देते. पैसे कोणी घेत नाही. परवा त्या आजीही आल्या होत्या. त्यांचा पगार सुरू झाला आहे. म्हणाल्या, “बाई, तुला कामाला लावली का तिथं?”

मी म्हणाले, “नाही आजी. मी शिकायला गेले होते.”

त्यावर त्यांनी विचारले, “मग शिकिवलं का?”

पुढल्या उन्हाळ्यात तुम्ही पत्र घेऊन कुठल्या ना कुठल्या दारात उभे राहाल. बाकावर बसण्याआधी आजींचा हा प्रश्न तेवढा विचारून घ्या.